हँडलला फेटा

माउंटन बाइकच्या हँडलवरच्या रबरी ग्रिप काढून तिथे रेसिंग सायकलची टेप गुंडाळली, की सायकलवाल्यांच्या कुठल्याही घोळक्यात दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिली हसण्याची आणि दुसरी, ‘पण का?’ हसण्याला उत्तर नसतं. ‘का’ला आहे, पण ते ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून इथे सविस्तर मांडावं म्हणतो. ग्रिप बनते ती कारखान्यात कुणीतरी ठरवलेल्या मुठीसाठी. टेप बेतता येते ती आपल्या मुठीवर. लग्नात वऱ्हाडाला वाटतात तो शिवलेला तयार फेटा आठवा. सगळ्यांना बसावा म्हणून केलेला असतो, त्यामुळे थोरल्या मामांच्या कपाळावर वळ उठतो आणि धाकट्या भाच्याचे डोळे झाकले जातात. बांधणाऱ्यापुढे पाच मिनिटं मुकाट बसायची तयारी असेल, तर दोघांचीही अब्रू राहते. माझं म्हणणं एवढंच, की डोक्याला जो न्याय, तोच तळहाताला लावावा.

आता हे नुसतं म्हणणं नव्हे, याला हिशेब आहे. माउंटन बाइकच्या हँडलची नळी मुठीपाशी २२.२ मिलिमीटर जाडीची असते. चालवणारा पैलवान असो की नववीतली मुलगी, नळी तीच. तिच्यावर ग्रिप चढली की एकूण जाडी साधारण ३० ते ३४ मिलिमीटरच्या घरात जाते. टेप अडीच मिलिमीटर जाडीची घेतली आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवला, तर सगळीकडे दोन थर बसतात. म्हणजे दोन्ही अंगांना पाच-पाच मिळून ३२.२. कंपनीने ज्या आकड्यासाठी साचे पाडले, तो आपण गच्चीवर बसून गाठला. हात लहान असेल तर वेढे कमी चढवावेत, मोठा असेल तर जाड टेप घ्यावी, आणि तळव्याखाली मऊ हवं असेल तर टेपच्या आत एक पातळ पट्टी सरकवावी. लांबीचा हिशेब तर याहून गोड आहे. तीन सेंटिमीटर रुंदीची पट्टी निम्मी-निम्मी चढवत तेरा सेंटिमीटरची मूठ झाकायला नऊ वेढे लागतात, आणि वेढ्यामागे सुमारे साडेआठ सेंटिमीटर धरले तर पाऊण मीटर. दोन्ही मुठींचा मिळून दीड मीटर. डब्यात दोन-दोन मीटरच्या आसपासच्या दोन गुंडाळ्या निघतात. एकीतच सायकल आवरते आणि दुसरी हातात उरते. सायकलच्या छंदात पैसे भरून काही उरण्याचा हा प्रसंग विरळाच, आणि घरात सांगण्यासारखाही.

यावर पहिला आक्षेप कुळाचा: टेप ही रेसिंगवाल्यांची, डोंगरात तिचं काय काम? हा आक्षेप घेणाऱ्यांनी माउंटन बाइकचं स्वतःचं कूळ कधी पाहिलेलं नसतं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात टॅमलपाइस डोंगराच्या आसपास काही तरुण जुन्या श्विन सायकलींच्या सांगाड्यांना मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर लावून मातीच्या वाटांवरून खाली सुटत असत. १९७६ पासून ते ज्या उतारावर शर्यती लावू लागले त्याचं नावच ‘रीपॅक’, कारण एकदा खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. ज्या वाहनाचा जन्म असा दुसऱ्यांच्या भंगारातून झाला, त्याने सोवळंओवळं पाळावं हे जरा अति होतं. शिवाय टेप डोंगरात गेलीच नाही असंही नाही. जॉन टोमॅक १९९० मध्ये रेसिंग आणि माउंटन अशा दोन्ही शर्यती खेळायचा आणि त्या मोसमात त्याच्या यती माउंटन बाइकला खाली वळलेलं रेसिंगचं हँडल होतं, अर्थातच टेप गुंडाळलेलं. २०२४ मध्ये किगन स्वेन्सन तसंच हँडल लावून लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत जिंकला, आणि २०२५ ला आयोजकांनी सुरक्षिततेचं कारण सांगून ती हँडलं बंद केली. बंदी आकारावर आली हे लक्षात घ्यावं. टेपवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: टेप सरकते. सरकते, पण चुकीची गुंडाळली तर. पट्टी बाहेरच्या टोकापासून सुरू करून आत ब्रेककडे न्यायची, म्हणजे हात बाहेर घसरताना कडा उचकटत नाहीत. चढावर मनगट ज्या दिशेला पीळ देतं त्याच दिशेने वेढे घातले, तर पट्टी वापराने आवळत जाते. उलटे घातले तर महिन्याभरात ढिली होऊन बोटांखाली गोळा होते. शेवटचं टोक तिरपं कापायचं, म्हणजे संपणारी कड सरळ रेषेत येते, आणि त्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप ताणून तीन वेढे. नळीच्या तोंडात बूच बसवायला मात्र विसरू नये. इथे विनोद नाही: उघडी नळी पडताना पोटात घुसते. आता रबराचं काय? साध्या सरकवायच्या ग्रिप पावसात कशा फिरतात, हे मुळशीकडच्या चिखलात गेलेल्या कुणालाही विचारा. उन्हात ठेवल्या की स्वस्तातलं रबर चिकट होतं आणि तळहात काळे होतात, ते वेगळंच.

हाताला मुंग्या येण्याची गोष्ट याच हिशेबातली. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. तिच्यावर तासन्‌तास भार पडला की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. एकच जागा धरून न ठेवणं हा त्यावरचा सोपा उपाय, आणि टेप इथे उदार आहे: ती ब्रेकच्या पलीकडे, पार हँडलच्या मध्याजवळ नेता येते, कडेला शिंगं लावली असतील तर त्यांच्यावरही चढते. ग्रिप तेरा सेंटिमीटरवर थांबते. पलीकडे हात नेला की गार, गुळगुळीत लोखंड किंवा अॅल्युमिनियम. आतल्या जागेवरून ब्रेक हाताशी येत नाही, हे खरं. म्हणून ती जागा लांबलचक चढासाठी, उतारासाठी नाही.

आणि उताराचं नाव निघालंच आहे तर कबूल करायला हवं, की दगडधोंड्यांतून उड्या मारत खाली येणाऱ्यांनी बारीक स्क्रूने आवळायच्या लॉक-ऑन ग्रिपच वापराव्यात. त्या फिरत नाहीत, अॅलन कीने मिनिटात निघतात. टेपवाल्याला ब्रेकचा लिव्हर बदलायचा झाला की बहुतेक वेळा सगळा फेटा सोडावा लागतो, आणि मुठीत फिरवून गिअर टाकायची सोय असेल तर टेपचा विषयच संपला. माझी वकिली चालते ती उरलेल्यांसाठी, म्हणजे माउंटन बाइक घेऊन त्यावर मुख्यतः खराब रस्ते, घाट आणि धरणाकाठच्या मातीच्या वाटा तुडवणाऱ्यांसाठी. खरं बोलायचं तर आपल्याकडे हेच बहुसंख्य आहेत. उड्या बहुतेकांच्या फोनमधल्या व्हिडिओतच असतात.

राहता राहिला दिसण्याचा प्रश्न. ‘प्लॅस्टर कधी निघणार?’ हे विचारलं जाणारच. पांढरी टेप घेणाऱ्याला तर विचारायलाच हवं, कारण पहिल्याच पावसात ती लाल मातीच्या रंगाची होते. हौस असेल त्याने जुन्या युरोपियन रिवाजाप्रमाणे सुती टेप लावून तिच्यावर लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून दोन हात फिरवावेत. फ्रेंच पॉलिशवाला सुतार कपाटाला लावतो तोच. टेप कडक होते, गडद मधाच्या रंगाची दिसते, पाणी सहज पीत नाही, आणि ती लाख झारखंडच्या जंगलातल्या किड्यांची असण्याची चांगलीच शक्यता असते. रबराच्या ग्रिपला एवढी वंशावळ सांगता येणार नाही. आणि पहिल्या गुंडाळीतली जी अर्धा मीटर पट्टी उरली, ती मागच्या चाकाकडे जाणाऱ्या उजव्या खालच्या दांडीला गुंडाळावी. खड्ड्यात साखळी आपटून तिथला रंग उडतो आणि खडखडाट होतो, तो थांबतो. त्या पट्टीला मात्र आजवर कुणी हसलेलं ऐकिवात नाही. ती साखळीआड असल्यामुळे कुणाला दिसतच नाही.