डावा की उजवा?

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही मोठ्या सोसायटीत एक गृहस्थ असतात. ते नक्की काय काम करतात, हे त्यांच्या सासुरवाडीलाही धड सांगता येत नाही. "हॉस्पिटलचं काहीतरी बघतात, अमेरिकेचं, कॉम्प्युटरवर," इथपर्यंत मजल जाते. "म्हणजे डॉक्टर?" असं कुणी विचारलं की घरात क्षणभर शांतता पसरते, कारण तेही पूर्ण खोटं नसतं. होमिओपॅथीची पदवी असते. डोंबिवलीच्या टिळकनगरात दवाखानाही थाटलेला असतो. पण पेशंटपेक्षा औषधांचे विक्रेतेच जास्त येऊ लागले, तेव्हा एका मित्रानं ऐरोलीचा पत्ता दिला आणि गृहस्थ मेडिकल कोडर झाले. आता हाताखालची पोरं त्यांना 'सर' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

सरांचं काम ऐकायला सोपं आहे. तिकडे ओहायोतल्या एखाद्या आजीबाईंचा गुडघा दुखतो. डॉक्टर तपासतो, लिहितो, आणि तो चार्ट इकडे सरांच्या स्क्रीनवर उतरतो. सर तो वाचून आजाराला एक कोड लावतात. कोड बरोबर असेल तर विमा कंपनी पैसे सोडते, चुकला तर डिनायल, म्हणजे नकार. आजीबाईंना सर ठाऊक नसतात. सरांना मात्र आजीबाईंच्या बद्धकोष्ठापर्यंत सगळं ठाऊक असतं.

या सरांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ म्हणजे अमेरिकेला नववीतून दहावीत नेलं तो काळ. नववी-दहावी म्हणजे रोगांच्या जागतिक यादीच्या आवृत्त्या, आणि ही यादी जुनी आहे. १८९३ साली बर्टिलाँ नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, पुढे १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अमेरिका १९७९ पासून नववीत होती, ती तिथेच बसून राहिली. गंमत अशी की तिथले मृत्यूचे दाखले १९९९ मध्ये दहावीत गेले, पण जिवंत माणसांची बिलं नववीतच. म्हणजे पास व्हायला मरावं लागत होतं. बिलांना दहावीत ढकलायची तारीख आधी १ ऑक्टोबर २०१३ ठरली, मग २०१४, मग २०१५. आणि ढकलायला मनुष्यबळ लागलं, ते ठाणे-ऐरोलीच्या काचेच्या इमारतींतून गेलं.

नववीत आजारांचे कोड होते सुमारे १४ हजार. दहावीत झाले ६८ हजारांच्या वर. पूर्वी कोडाच्या जास्तीत जास्त पाच खणांत मावणारा आजार आता सातव्या खणापर्यंत जाऊ लागला. पूर्वी हात मोडला की मोडला. आता डावा की उजवा, हाड जागेवरच आहे की सरकलंय, उपचार चालू आहेत की माणूस भरून येतोय, हे सगळं कोडातच सांगायचं. डॉक्टर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नुसतं 'हात' लिहीत आली होती. तेव्हा रुग्णालयांची तयारी करून घेणं म्हणजे प्रत्यक्षात काय? तर बोस्टन-शिकागोच्या नामांकित सर्जनला ऐरोलीहून मेल टाकून विचारायचं, "कुठला हात?"

या विचारण्याला क्वेरी म्हणतात आणि तिचा एक कडक नियम आहे: उत्तर सुचवायचं नाही. 'उजवा होता ना?' असं विचारलं की प्रश्न बाद. डॉक्टरच्या तोंडी शब्द घालून बिल फुगवलं, असा संशय येतो. सर हा नियम घरातही पाळतात. 'भाजी बटाट्याची आहे का?' असं ते कधीच विचारत नाहीत. 'आजच्या भाजीचं स्वरूप काय?' असं विचारतात. बायको रुसली तर म्हणतात, "उपलब्ध नोंदींवरून रागाचं कारण स्पष्ट होत नाही. खुलासा व्हावा." त्यावर येणारा खुलासा अत्यंत तपशीलवार असतो आणि त्यात डावं-उजवं काहीही सुटलेलं नसतं.

पण सर खुलतात ते वर्गात. ऑफिसच्या ट्रेनिंगरूममध्ये पुरेसं शिकवून होत नाही म्हणून शनिवार-रविवारी कल्याणात, स्टेशनजवळच्या एका क्लासात, कोडिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ते शिकवतात. झूलॉजी, फार्मसी, फिजिओथेरपी अशी शिकून आलेली ती मुलं, बदकाचा कोड आला की खिदळतात. सर लगेच गंभीर होतात. "हसू नका. बदक चावलं तर वेगळा, बदकानं धडक मारली तर वेगळा. कोंबडीनं टोचलं तर तिसराच." मग ते गायीकडे वळतात. तिथेही चावणं निराळं आणि धडक निराळी. हा मुद्दा कल्याणच्या मुलांना उदाहरणाशिवाय कळतो.

मग एक तरी शहाणा पोरगा विमानाच्या इंजिनाचा कोड काढतोच. माणूस जेट इंजिनात ओढला गेला, त्याच्यापुढे शेवटी 'डी' हे अक्षर, म्हणजे नंतरची भेट. "सर, एकदा ओढला गेलेला माणूस दुसऱ्यांदा कसा ओढला जाईल?" या प्रश्नाची सर वर्षभर वाट पाहत असतात. खडू ठेवतात. चष्मा पुसतात. "ओढला एकदाच गेला. 'ए' म्हणजे उपचार जोरात चालू. 'डी' म्हणजे आता भरून येतंय, तपासायला आला. 'एस' म्हणजे मागे राहिलेलं दुखणं. भेटी मोजायच्या नाहीत, अवस्था बघायची." मग थोडं थांबून, "माणूस वाचलाय, एवढं तरी लक्षात घ्या." हे म्हणताना त्यांचा आवाज किंचित हलतो. सरांनी आयुष्यात रुग्ण फार कमी पाहिले, पण कोडामागे माणूस आहे हे ते विसरत नाहीत. हे मी त्यांच्या बाजूनं आवर्जून सांगतो, कारण ऑफिसात तासाला किती चार्ट काढले याच्याच तक्त्यात माणसं गुदमरलेली असतात.

लोकलमध्ये मात्र सरांच्या शास्त्राला पहिला धक्का बसतो. सकाळी डोंबिवलीहून ठाणं गाठायचं, तिथून ट्रान्स-हार्बरनं ऐरोली. या प्रवासात कुणाचं ढोपर फुटलं की सर पुटपुटतात, "व्ही ८१.४." गाडीत चढताना किंवा उतरताना झालेली इजा. एकदा शेजारी लोंबकळणाऱ्या एका जुन्या पासधारकानं विचारलं, "चढताना आणि उतरताना, दोन्हीला एकच?" सर म्हणाले, "एकच." पासधारकानं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की सरांना प्रथमच त्या ६८ हजार कोडांत काहीतरी कमी आहे असं वाटलं. ज्यांनी डोंबिवलीला सकाळची फास्ट पकडली नाही आणि संध्याकाळी त्याच डोंबिवलीला दारापर्यंत पोहोचायची धडपड केली नाही, अशा लोकांनी यादी केली की हे असं होतं.

दुसरा धक्का घरी. सासरच्या मंडळींशी संबंध बिघडल्याचाही कोड आहे, झेड ६३.१, असं एकदा उत्साहाच्या भरात त्यांनी बायकोला सांगितलं. तिनं पोळी उलटत विचारलं, "त्यात सासूचा वेगळा, नणंदेचा वेगळा?" "नाही. सगळे एकात." "मग कसली हो तुमची बारकाई!"

आता त्या ऐतिहासिक तारखांविषयी. २०१४ ची तारीख पुढे ढकलली गेली ती डॉक्टरांच्या मानधनातली कपात टाळणाऱ्या एका कायद्यात शिरलेल्या छोट्याशा कलमामुळे, आणि त्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली १ एप्रिलला. सरांनी ही बातमी ऑफिसात सांगितली तेव्हा सगळी टीम हसली. शेवटी सरकारी कागद पडद्यावर लावून दाखवावा लागला. मग आणखी वर्षभर तेच चार्ट दोनदा कोड करायचे, एकदा नववीत, एकदा दहावीत, आणि दोन्हींची रक्कम जुळते का बघायची. याला ड्युअल कोडिंग म्हणतात. पगार मात्र एकेरीच.

अखेर २०१५ चा १ ऑक्टोबर उजाडला. न्यूयॉर्कचे रात्रीचे बारा म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. बिलं अडकतील, रुग्णालयांचा पैसा थांबेल, असं भाकीत तिकडचे भलेभले करत होते. सर दोन डबे, जादा शर्ट आणि ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन ऑफिसात हजर. साडेनऊ वाजले. काही झालं नाही. दहा वाजले. एका मुलीनं विचारलं, "सर, चहा घेऊ का?" त्यातून त्या दिवशीचे बरेचसे चार्ट सप्टेंबरच्या तपासण्यांचे, म्हणजे जुन्याच कोडात करायचे. पुढच्या आठवड्यातही आकाश कोसळलं नाही. डिनायल होते तेवढेच राहिले. मुंग्यांसारखं राबून टाळलेलं संकट कुणाला दिसत नाही, त्यामुळे कौतुकही होत नाही. साहेबांचा आभाराचा मेल आला, त्यात पुढच्या महिन्याचं टार्गेट जोडलेलं होतं. दुसरा डबा सरांनी लोकलमध्ये खाल्ला.

तेव्हापासून ते दर १ ऑक्टोबरला थोडे अस्वस्थ असतात. त्याच दिवशी दरसाल नवे कोड लागू होतात. २०२१ मध्ये खोकल्याचे तुकडे पडले, तीव्र निराळा, जुनाट निराळा. त्याच वर्षी कंबरदुखीचेही. सरांची कंबर आधीपासूनच दुखत होती. त्यांनी ती नव्या पद्धतीनं नोंदवून घेतली.

आणि आता अकरावी आली आहे. जगासाठी ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. जानेवारी २०२४ मध्ये तिच्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या आजारांसाठी वेगळा विभागही दाखल झाला. हे वाचल्यावर सरांना राहवेना. वात-पित्त-कफाची नोंद करायची तर आपल्याकडच्या वैद्यांना आत्तापासून तयार करायला हवं! एका रविवारी ते कल्याणच्या एका वयोवृद्ध वैद्यांकडे गेले. वैद्यबुवांनी ऐकून घेतलं. सरांनी विचारलं, "समजा वातानं दुखतंय, तर तुम्ही डावं-उजवं लिहिता का?"

"वात हिंडतो," वैद्यबुवा म्हणाले. "सकाळी डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे."

सरांनी वहीत 'दोन्ही बाजू' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. तेवढ्यात वैद्यबुवांनी त्यांचा हात हातात घेतला, नाडी पाहिली आणि म्हणाले, "झोप नाही. जेवण अवेळी. रात्रपाळी फार केलीत. दवाखाना बंद केल्याचं मनात राहिलंय."

सर गप्प झाले. मग घसा खाकरून म्हणाले, "हे केसपेपरवर लिहिणार ना?"

"लिहायचं कशाला? लक्षात राहील."

नोंद नाही तर ते घडलंच नाही, हे सरांनी वर्षानुवर्षं मुलांना घोकून घेतलेलं वाक्य. त्यांनी वैद्यबुवांपुढचा कोरा कागद स्वतःकडे ओढला, पेन काढलं आणि वर तारीख टाकली.

"हं, सांगा," ते म्हणाले. "कुठल्या हाताची नाडी?"