सोबतचे तात्या

केज तालुक्यात कुणाच्या घरी गाठीचा वाईट रिपोर्ट आला, की नातेवाइकांच्या आधी तात्या हजर. बगलेत फायलींची पिशवी, कमरेला तंबाखूची चंची. कळंब-येरमाळ्यावरून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलकडं जाणारी एसटी, केसपेपरची खिडकी, पोटभर जेवण देणारी खानावळ, सगळं पाठ. ‘लाईट’, म्हणजे रेडिएशन, किती दिवस द्यावी लागेल, हे डॉक्टरांच्या आधी सांगतात आणि, खोटं कशाला बोला, बहुधा बरोबर सांगतात.

सध्या त्यांना ‘लाईट’च्या जाळीनं झपाटलंय. नातवाच्या मोबाइलची कृपा. एसटीत शेजारी बसलेला गडी निघालेला असतो म्हैस बघायला. त्याला सुट्टी नाही.

“रोज दोन ग्रे किरणं, सहा-सहा आठवडे, म्हंजी मोकाट पाणी झालं बगा. थोराड गाठीला ठिबक पायजे. जाळी धरायची, भोकातून एका दमात पंधरा-वीस ग्रे सोडायचे, मधली जागा जवळपास कोरडी. थेंब एका जागी पडतो, ओल बाजूला पसरती का नाही? तशा बाजूच्या पेशीबी मरत्यात.”

“कामून?”

“तेच तर शोधायलेत!”

उपमा रानातली, पण विज्ञान फारसं चुकत नाही. 1909 साली जर्मनीत आल्बान कोहलरनं कातडीवर लोखंडी तारांची जाळी दाबून क्ष-किरण सोडले. तेव्हाच्या किरणांनी गाठीआधी कातडीच जळायची. तारांखाली वाचलेल्या कातडीच्या आधारानं जखम भरून यायची. पुढं खोलवर मारा करणारी यंत्रं आली आणि जाळी अडगळीत पडली. 1990च्या दशकात अमेरिकेत मोहम्मद मोहिउद्दीन यांनी तिला पुन्हा बाहेर काढलं. आता तर गाठीच्या पोटातच तीव्र डोसाचे ठिपके पेरतात. कुणाला किती उपयोग, याच्या चाचण्या अजून चालूच आहेत. तात्यांपुरता मात्र निकाल लागलाय. कोहलरला ते ‘कोल्हेसाहेब’ म्हणतात आणि माणूस नगरकडचा असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

परवा ओपीडीबाहेर हेच पुराण चालू होतं. श्रोते चार, तळहातावर तंबाखू-चुना, अंगठा जोरात. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले.

“तात्या, इतक्या वर्षांत तुमचं तोंड कधी बघितलंच नाही. उघडा बरं.”

तात्यांनी घाईनं बार गालात सरकवला.

“आमचं नको सायेब,” ते कसेबसे म्हणाले, “आम्ही सोबत आलोय.”