वाटाड्याची कैफियत

नाशिक क्षेत्री ज्याचे कायमचे वास्तव्य आहे, त्याला दोन पूर चुकत नाहीत. एक पावसाळ्यातला गोदावरीचा आणि दुसरा बारमाही पाहुण्यांचा. पैकी पहिल्याचे माप घेण्याची तजवीज गावाने खुद्द पात्रातच दुतोंड्या मारुती उभा करून केलेली असल्यामुळे, पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला लागले एवढी वार्ता कानी येताच सराफ बाजारातला दुकानदार माल माळ्यावर चढवायचा की नाही याचा निवाडा करून मोकळा होतो. पाहुण्यांचे माप घेण्याचे काम पंचवटीतील सीतागुंफेकडे आहे, आणि ती मारुतीइतकी दयाळू नाही.

मागल्या श्रावणात आमच्या सौ.चे मामा सपत्नीक आले. पत्रात लिहिलेला दोन दिवसांचा मुक्काम, अशा पत्रांच्या वहिवाटीस अनुसरून, नऊ दिवसांचा निघाला. पहिल्याच सकाळी रामकुंडावरचे स्नान आटोपून आम्ही काळारामाला गेलो. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकात उभारलेल्या त्या काळ्या पाषाणाच्या मंदिरापाशी, १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू होऊन पुढे पाच वर्षे चाललेल्या प्रवेशसत्याग्रहाची हकीकत मी आवाज खाली आणून सांगू लागलो, तोच मामांनी पृच्छा केली, "जावईबापू, इकडे चिवडा कुणाचा चांगला?"

सीतागुंफेत मात्र मामा निरुत्तर झाले. त्या चिंचोळ्या वाटेत ते कमरेपर्यंत शिरले आणि तेथे श्रद्धा व मेद यांचा जुना तंटा उपस्थित झाला. पुढे मामी, मागे मी आणि माझ्या पाठीशी परमुलुखातली अख्खी यात्रा, मामी पलीकडून "अहो, श्वास सोडा!" असे फर्मावीत होत्या, यात्रा रामनामाचा गजर करीत होती, आणि त्या गजरालाच लाजून की काय, मामांच्या सदऱ्याची दोन बटणे एकामागून एक निखळून माझ्या कपाळावर आली, तेव्हा कुठे मार्ग खुला झाला.

त्यानंतर कपालेश्वराच्या पायऱ्या मामांनी तक्रार न करता चढल्या. या शिवालयात पिंडीपुढे नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्यासाठी रामकुंडाची वाट नंदीने दाखविली, म्हणून शंकराने त्याला गुरू मानून समोर बसण्याच्या चाकरीतून मुक्त केले, अशी आख्यायिका आहे. एकदाच वाट दाखविणाऱ्याला एवढी सनद मिळते, आणि चाळीस वर्षे तीच वाट दाखवीत आलेला मी अद्याप पाहुण्यांचे जोडे राखीत बाहेर बसतो, याची दाद कोणत्या कचेरीत मागावी?

मामांची पांडवलेणी पाहावयाची राहिली. तेवढ्यासाठी कार्तिकात पुन्हा येण्याचे त्यांनी कबूल केले आहे. इतरांनीही खुशाल यावे. फक्त येण्यापूर्वी पत्रात मुक्कामाचे दिवस लिहिण्याऐवजी कमरेचा घेर कळवावा.