पल्लीपतनाचं बेट

मायोर्काच्या पश्चिम टोकासमोरच्या सा द्रागोनेरा बेटावर माणसांची वस्ती नाही. सांत एल्महून सुटलेली आमची होडी काला ल्यादोच्या खाडीत लागली, तेव्हा स्वागताला फक्त पाली होत्या. दगडावर पाली, पायवाटेवर पाली आणि मिनिटभरात मेहुणीच्या बुटावर पाल.

"अगं, किंचाळतेस काय?" साडू म्हणाले. प्रवासाला निघण्याआधी ते परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास करतात. "ही आपल्या ट्यूबलाइटमागची पाल नव्हे. ही उपजात जगात फक्त याच बेटावर सापडते."

"मग तिला बेटावर राहू दे की! बुटावर कशाला?"

मेहुणीची अडचण शास्त्रीय होती. पाल अंगावर पडली तर काय आणि सरडा अंगावर चढला तर काय, दोन्हींची फळं पंचांगात दिलेली असतात. पाल चढली तर काय, याची सोय नाही. "भाऊजी, तुम्ही नीट बघून सांगा, सरडाच आहे ना?" मी साडूंकडे बघितलं. ते म्हणाले, पालच. विषय संपला.

खुद्द मायोर्कात ही जात कधीच नामशेष झाली. माणसानं बाहेरून आणलेल्या शिकारी प्राण्यांनी ती संपवली. आजूबाजूच्या बेटांवर तेवढी उरली. इतकं सोसलेल्या प्राण्यानं माणूस दिसताच पळून जायला हवं. पण मी संत्रं सोलायला घेतलं मात्र, एक बाई तुरुतुरु आल्या, माझ्या अंगठ्यावर पुढचे दोन पाय ठेवले आणि नखाच्या कडेला जमलेला रस इवल्याशा जिभेनं टिपू लागल्या. त्यांना काही खायला घालणं गैर, हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

ना पोपिया हे बेटाचं शिखर साडेतीनशे मीटरवर आहे. वाट वळणावळणाची, सावली नावालाही नाही, आणि साडूंचं व्याख्यान चालू. एकोणिसाव्या शतकात इथं माथ्यावर दीपगृह बांधलं. उंची इतकी साधली की ते धुक्यात आणि ढगात गडप व्हायचं. म्हणजे हवा स्वच्छ असली, कुणाला गरज नसली, की लांबून झकास दिसायचं. शेवटी 1910 मध्ये ते बंद करून बेटाच्या दोन टोकांना, बरीच खाली, दोन नवी दीपगृहं उभारली.

"आमच्या मोठ्या साहेबांसारखं," मेहुणी धापा टाकत म्हणाली. "फार वर गेले, आता खालच्यांच्या उपयोगाचे नाहीत."

पडक्या दीपगृहाशी बसल्यावर पुढचा अध्याय सुरू झाला. सत्तरच्या दशकात एका कंपनीनं हे बेट विकत घेतलं होतं. इथं आलिशान वसाहत व्हायची होती. 1977 मध्ये तरुण पोरं होड्यांतून आली आणि बेटावर ठाण मांडून बसली. लढा पुढे वर्षानुवर्षं चालला. 1987 मध्ये मायोर्काच्या बेट-परिषदेनं बेट विकत घेतलं, 1995 मध्ये ते निसर्गोद्यान झालं. साडूंचा गळा दाटून आला होता.

मेहुणीनं चारी दिशांना नजर फिरवली. निळं पाणी, उभे कडे, एकही छप्पर नाही.

"पोरांनी केलं ते चांगलंच केलं," ती म्हणाली. "पण एक चहावाला तेवढा राहू द्यायचा."

साडूंनी घाईघाईनं थर्मास काढला. आत थेंबभर चहा होता. तो कुणी प्यायचा यावर नवरा-बायकोची चर्चा चालू असताना एक पाल झाकणात उतरली आणि तिनं तो प्रश्न मिटवला.