इंधनाची चव

उपाहारगृहात जाऊन शिफारशीवरून पदार्थ मागवण्याची जी प्रथा महाराष्ट्रात अलीकडे बोकाळली आहे, तिचा थोडा बारकाईने विचार केला, तर असे दिसते की शिफारस आता चवीची होतच नाही, ती इंधनाची होते. अमुक गावाच्या अलीकडे, उजव्या हाताला, पत्र्याच्या शेडमध्ये मिळणारी मिसळ खाऊनच या, असे सांगणाऱ्यास ती तिखट आहे की गोडसर, मटकीची आहे की वाटाण्याची, फरसाण कुरकुरीत असते की परवाचे, असे काहीही विचारले तरी उत्तर एकच येते : "अहो, चुलीवरची आहे!" हे उत्तर देताना चेहऱ्यावर अशी काही तृप्ती पसरलेली असते, की पुढचा प्रश्न विचारणारा स्वतःच ओशाळतो. येथे शिफारसकर्ता म्हणजे दर कचेरीत आणि दर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात किमान एक या प्रमाणात आढळणारा तो गृहस्थ, जो स्वतः एकदाच जाऊन आलेला असतो आणि दुसऱ्यांना मात्र जन्मभर पाठवत राहतो.

नाशिकच्या गंगापूर रस्त्यालगतच्या मळ्यांपासून पुणे-सातारा महामार्गावरच्या ढाब्यांपर्यंत हे विशेषण आता सर्वत्र पोचले आहे. मिसळीला ते लागले, मग मटणाला लागले, पिठल्याला लागले, चहाला लागले आणि अखेरीस, ज्या पदार्थाने आयुष्यात कधी चूल पाहिली नव्हती त्या पनीर टिक्क्यालाही लागले. 'चुलीवरची थाळी' या नावाने जे ताट समोर येते त्यात कांद्याची कोशिंबीर असते, ताक असते आणि सोलकढीही असते. सोलकढी म्हणजे कोकमाचे आगळ आणि नारळाचे दूध यांचे पेय, जे तापवले तर फाटते आणि म्हणूनच विस्तवापासून चार हात दूर ठेवले जाते. तरीही वाटी रिकामी करून शिफारसकर्ता मान डोलावतो आणि म्हणतो, की चुलीवरची चवच वेगळी.

विस्तवाने चव बदलत नाही असे येथे मुळीच म्हणायचे नाही. लाकूड जळताना त्यातील लिग्निन या घटकापासून ग्वायकॉलसारखी सुगंधी संयुगे तयार होतात, आणि धुराचा म्हणून जो वास नाकाला कळतो तो बराचसा त्यांचाच असतो. मात्र तो पदार्थात उतरायचा तर धूर आणि पदार्थ यांची प्रत्यक्ष गाठ पडावी लागते. खानदेशात भरताची वांगी तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळल्या काड्यांवर साल जळेपर्यंत भाजतात, तेव्हा ती पडते. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उपडे करून, भोवती पेंढा-पाचोळा पेटवून जी पोपटी लावतात, तीत आगीवाचून काही उरतच नाही. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेल्या ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा हुरडा, किंवा तव्यावरून उतरवून निखाऱ्यांसमोर उभी केलेली आणि टम्म फुगलेली भाकरी, यांचेही तेच. मिसळीचा रस्सा मात्र पातेल्यात उकळतो, पातेल्यावर झाकण असते आणि पातेल्याखाली काय जळते आहे याची त्याला वार्ताही नसते. पाणी बाभळीच्या लाकडावर ठेवा, रॉकेलवर ठेवा की गॅसवर ठेवा, ते साधारण १०० अंश सेल्सिअसलाच उकळते. पुण्यात उंचीमुळे दोनेक अंश आधी उकळते आणि यात पुणेकरांना अभिमान वाटण्यास हरकत नाही, पण चुलीचा त्यात काडीचाही वाटा नाही.

या संपूर्ण व्यवहाराचे मर्म समजून घ्यायचे असेल, तर फुंकणीकडे पाहावे. फुंकणी म्हणजे हातभर लांबीची, दोन्ही टोकांना उघडी अशी लोखंडी नळी, जिचे एक टोक काजळीने काळे झालेले असते आणि दुसरे वर्षानुवर्षे ओठांना लागून गुळगुळीत झालेले असते. ओले सरपण धुमसू लागले की चुलीपुढे वाकून, गालफडे फुगवून, तीतून निखाऱ्यावर फुंकर मारायची आणि ज्वाळा उठण्याच्या क्षणी तोंड बाजूला घ्यायचे, एवढेच तिचे कार्य असते. चुलीवरच्या उपाहारगृहात फुंकणी असते, नाही असे नाही, परंतु ती भिंतीवर असते. तिला तांबडा रंग दिलेला असतो, तिच्यावर पांढऱ्या रंगात वारली पद्धतीची माणसे नाचत असतात, आणि जाते, कंदील, पाटा-वरवंटा व बैलगाडीचे निम्मे चाक यांच्या पंक्तीला ती खिळ्यावर लटकत असते. खाली चुलीत विस्तव फुलवण्याचे काम तळहातावर मावणारा विजेचा पंखा करतो, ज्यास धंद्यात ब्लोअर म्हणतात आणि ज्याची वायर मातीच्या चुलीमागून, शेणाने सारवलेल्या भिंतीच्या कडेने, गल्ल्याखालच्या बोर्डापर्यंत गेलेली असते. याचा अर्थ असा की वीज गेली तर चूल विझते. ज्या चुलीने हजारो वर्षे महावितरण तर सोडाच, दिवाबत्तीचीही वाट पाहिली नाही, ती चूल भारनियमनाच्या वेळी इन्व्हर्टरवर चालते, आणि इन्व्हर्टरने मान टाकली तर मालक गिऱ्हाइकास नम्रपणे सांगतो, की लाईट गेली आहे, त्यामुळे चुलीवरचे काही मिळणार नाही, गॅसवरचे चालेल का? गिऱ्हाईक अर्थातच संतापते. पन्नास किलोमीटर गाडी हाकून ते गॅसवरचे खायला आलेले नसते. मग मालक पाच मिनिटे आत जातो, त्याच पातेल्यातली तीच मिसळ मातीच्या वाडग्यात घालून आणतो, वर खोबऱ्याच्या करवंटीवर निखारा ठेवून तुपाचा थेंब सोडतो, धूर निघतो, मोबाइल निघतात आणि सर्वांचे समाधान होते. शिफारसकर्ता तर डोळे मिटून सांगतो, की पाहा, लगेच फरक कळला.

मालकाला दोष देण्याचे कारण नाही. चुलीला तोंड एक असते, फार तर बाजूला वैल असतो, म्हणजे मुख्य जाळाची उरलेली धग मिळून दूध किंवा आमटी निवांत आटावी यासाठी केलेले दुसरे भोक. रविवारी सकाळी नावे लिहून घेऊन, आकडे पुकारून जी गर्दी आत सोडावी लागते, तिची भूक या दीड तोंडावर भागत नाही. म्हणून मागच्या दाराशी १९ किलोचे निळे सिलिंडर एका ओळीत उभे असतात, मटकी पहाटेच भट्टीवर शिजते, आणि शिजलेले पातेले चुलीवर आणून ठेवले जाते ते पुढे दिवसभर दिसत राहावे म्हणून. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचेच आहे. गिऱ्हाइकाला जे हवे ते त्याला दिसते आणि जे खायचे ते वेळेत शिजते.

प्रश्न चुलीपुढे बसवलेल्या बाईचा आहे. तिला नऊवारी नेसवलेली असते, कपाळावर आडवे कुंकू असते, आणि सकाळी आठपासून ती धुरात बसून भाकरी थापत असते, कारण साऱ्या उपाहारगृहात खरोखर चुलीवर होणारा पदार्थ तेवढाच असतो. त्या चुलीवर धुरांडे नसते, कारण धुरांडे बसवले तर धूर वर जाईल आणि फोटोत येणार नाही. घरातल्या चुलीच्या आणि तशाच इंधनांच्या धुराने जगभर दर वर्षी सुमारे ३२ लाख माणसे दगावतात असा २०२० सालचा अंदाज आहे, आणि त्या धुरात सर्वांत जास्त वेळ बसतात त्या बायका आणि त्यांच्या कडेवरची पोरे. सरपणाची मोळी डोक्यावरून उतरावी, डोळ्यांची चुरचुर थांबावी, रात्रीचा खोकला जावा म्हणून घरोघरी गॅस पोचवण्यात या देशाने दोन पिढ्या घालवल्या. या बाईच्याही घरी गॅस असतो. ती सकाळी गॅसवर चहा करून, पोरांचे डबे भरून, चुलीवर कामाला येते. तिच्यासमोर गुडघ्यावर बसून मोबाइल धरणारा आणि "मावशी, जरा फुंकर मारा ना, म्हणजे जाळ मोठा दिसेल" असे सांगणारा तरुण मात्र आपल्या घरात चिमणी बसवून घेतो, फोडणीचा वास दिवाणखान्यात जाऊ नये म्हणून दार लावून घेतो, आणि शेजारच्या मजल्यावर कोणी सुके बोंबील भाजले तर सोसायटीकडे लेखी तक्रार करतो. हीच मंडळी पाटीवर 'आजीच्या हातची चव' असे वाचून गहिवरतात. ज्या आजीच्या नावावर हे सर्व खपते तिने घरी गॅस आला त्या दिवशी चुलीला शेवटचे पोतेरे घातले आणि पुन्हा तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. त्या आजीला कोणी विचारले असते, तर तिने शिफारस गॅसचीच केली असती, तीही चुलीवरच्या स्वयंपाकाला चार शेलक्या शिव्या घालून. धुराने डोळे गेलेल्या बाईच्या धुराला 'ॲम्बियन्स' म्हणणाऱ्यांच्या ताटात मिरची जरा जास्त पडावी, असे वाटणे गैर असेल तर असो.

याच शास्त्राचे एक पोटकलम विलंबासंबंधी आहे. पूर्वी ताट यायला तास लागला तर गिऱ्हाईक उठून जात असे. आता वेटर केवळ "चुलीवरचं आहे, वेळ लागणारच" एवढे म्हणतो आणि उपाशी माणसे अपराधी चेहऱ्याने मान खाली घालतात, जणू घाई करून त्यांनी पूर्वजांचा अपमान केला. दरम्यान गॅसवर शिजलेली मिसळ आत निवत असते आणि चुलीवरची भाकरी, तिची पाळी यायची म्हणून, चामड्यासारखी होत असते. अखेर ताट येते तेव्हा त्यातली जी एक गोष्ट विस्तवाला खरोखर शिवून आलेली असते तीच सर्वांत थंड असते, आणि शिफारसकर्त्याची मंडळी तीच अर्धी टाकून एक्स्ट्रा पाव मागवतात.

तेव्हा वाचकांस एवढेच सुचवायचे आहे, की पुढच्या रविवारी कोणी चुलीवरच्या मिसळीची शिफारस केलीच, तर तिखट कितपत असते, मटकी नीट शिजलेली असते का आणि रस्सा पुन्हा मागितला तर तोंड वाकडे न करता वाढतात का, एवढे त्यास आधी विचारावे. तेथे पोचल्यावर मात्र, बिल चुकते करताना, चुलीपुढे बसलेल्या बाईला दुपारी उठून गार हवेत बसून जेवता येते का, आणि तिला दिवसाचे किती मिळतात, हे गल्ल्यावरच्या माणसाला चारचौघांत आणि जरा मोठ्याने विचारावे.