सागाचं टेबल, नियमानुसार

पोफळी गावात परसातला साग तोडून जेवणाचं टेबल करायचं, तर झाड आपलं असणं ही केवळ प्राथमिक पात्रता. १९६४च्या वृक्षतोड कायद्याने साग, ऐन, किंजळ, फणस, आंब्याला अनुसूचीत घालून संरक्षण दिलं, ते उत्तमच. अर्ज, सातबारा, त्यावरच्या सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमत्या (मुंबईचे काका धरून), पाहणी, पंचनामा, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का, वाहतूक परवाना. तोवर सुतार कानावरची पेन्सिल दुसऱ्या कानावर नेतो. घाना-इक्वेडोरचा साग मात्र समुद्र ओलांडून वखारीत हजर. त्याला मुंबईचे काका नसतात.

ज्या गावात डोंगर पोखरून कोयनेचं वीजघर झालं, तिथे एक झाड पाडणं अवघड का, असं विचारणारे अडाणी. डोंगर अनुसूचित वृक्ष नाही.

आमची तक्रार एवढीच, की शिस्त अर्धवट आहे. वाळवीलाही अर्ज सक्तीचा करावा. परवानगीविना तिने किती घनफूट साग खाल्ला, याचा पंचनामा कधीच होत नाही.

सागाला पक्व व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतात. टेबल हवंच असेल, तर यंदाच्या पावसाळ्यात रोप लावा आणि त्याच दिवशी अर्ज द्या. झाड आणि परवानगी नातवंडांच्या हाती एकदमच येतील.