डॉक्टर मोठा की ब्लॅक बेल्ट?

ब्लॅक बेल्ट म्हणजे त्या विद्येतली डॉक्टरेट, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. जपानी ज्युदोवाल्याला हे सांगून पाहा. तो कमरेत वाकून नमस्कार करील आणि वाकल्या वाकल्या हसून घेईल. त्याच्या लेखी फर्स्ट डॅन, म्हणजे काळ्या पट्ट्याची पहिली पायरी, ही आपली दहावी. पोरगं पास झालं, पेढे वाटा, आता अभ्यासाला लागा. काळ्याच्या वर सहाव्या ते आठव्या डॅनला लाल-पांढरा पट्टा असतो आणि नवव्या-दहाव्याला निव्वळ लाल.

हा सगळा खटाटोप जिगोरो कानो यांचा. 1882 साली त्यांनी टोकियोतल्या एका देवळात ज्युदोची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना फर्स्ट डॅन देऊन टाकली. गृहस्थ पेशाने शिक्षक, पुढे शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचे प्राचार्य. कराटेतले पहिले काळे पट्टे 1924मध्ये गिचिन फुनाकोशींनी दिले. तेही शाळामास्तर! मास्तरांच्या हाती विद्या लागली की परीक्षा ही आलीच. मधले पिवळे, नारिंगी, हिरवे रंग युरोपात रुजवले ते पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या कावाइशींनी, 1930च्या दशकात. आपल्या क्लासवाल्यांनी त्यात दर रंगाला वेगळी फी घातली आणि सेमिस्टर पद्धत पूर्ण झाली.

आमच्या सोसायटीत गणपतीत गुणवंतांचा सत्कार असतो. यंदा यादीत सर्वांत वर पाचवीतली एक ब्लॅक बेल्ट, मग दोन बारावीवाले, एक सीए आणि तळाशी मी, ताजा पीएच.डी. सेक्रेटरी म्हणाले, "सर, राग मानू नका. तिचं काय आहे, ती करून दाखवणार आहे." तिने स्टेजवर दोन कौलं फोडली. मला कोणी काही करून दाखवायला सांगितलं नाही.

मुद्दा बिनतोड होता. माझा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुखरूप आहे, त्याला धूळ सोडून कोणीही हात लावलेला नाही. ब्लॅक बेल्टला ही चैन नाही. दुसऱ्या दिवशी क्लासला कोणी तरी हिरवा पट्टा समोर उभा राहतो आणि तुमच्या पात्रतेची फेरतपासणी लाथेने करतो. प्राध्यापकांना हा नियम लागू केला तर विद्यापीठं ओस पडतील.

डॉक्टरेटचा खरा भाऊबंद शोधायचा तर केंदो या जपानी तलवारबाजीतली आठवी डॅन. सातवी मिळून दहा वर्षं झालेली हवीत, वय किमान 46 हवं, आणि मग शंभरात जेमतेम एखादा पास. नापास झालेले सत्तरीतले आजोबा पुन्हा फॉर्म भरतात. आमच्याकडे तोवर गाइड निवृत्त होतो.

मानद पदव्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही खाती सारखीच उदार. तायक्वांदोची मानद नववी डॅन ट्रम्प यांना 2021मध्ये मिळाली. पुतिन यांना ती 2013मध्येच मिळाली होती. युक्रेनवर हल्ला झाल्यावर, 2022मध्ये जागतिक संघटनेने ती काढून घेतली. आपल्या विद्यापीठांनी वाटलेल्या डी.लिट.ही अशाच परत मागवायला हरकत नाही. फक्त क्रेमलिनला जाऊन पट्टा सोडवून आणायला संघटनेतला एक तरी नववी डॅनवाला तयार झाला असेल, असं मला वाटत नाही.